दोन मजले वर

सदर अर्जदार स्त्री असून वय वर्षे छप्पन्न पूर्ण. बांधा मध्यम. डोळे दोन, चष्म्यासह. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर काच घासण्याच्या चाकाने उठवलेला जुना व्रण. व्यवसाय : चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून चौकटीत बसविणे. वैवाहिक स्थिती : विवाहित, तूर्त दोन मजल्यांच्या अंतराने. वर्तणूक : आजवर चांगली. जुना पत्ता : दुसरा मजला. नवा पत्ता : तीच इमारत, तोच रस्ता, तोच जिना, चौथा मजला. सदर बदलामुळे कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीस त्रास झालेला नाही, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. दुसऱ्या व्यक्तीबद्दल अर्जात विचारलेले नाही.

ती दुसरी व्यक्ती म्हणजे अर्जदाराचा नवरा.

इमारतीत तिला सगळे भिंगबाई म्हणत आणि त्याला सुपरवायझर. तो एका मोठ्या गोदामातून निवृत्त झाला होता. उभी हयात त्याचं काम एकच : आलेलं प्रत्येक खोकं फोडायचं, आत काय आहे ते बघायचं, कागदाशी ताडायचं आणि मग पुढं जाऊ द्यायचं. गोदाम सुटलं, पण काम सुटलं नाही. घरी खोकी येत नव्हती, म्हणून त्यानं पाकिटं फोडायला घेतली. खरं म्हणजे लग्न झाल्यापासूनच फोडत होता. निवृत्तीनंतर फक्त पूर्ण वेळ मिळाला.

तळमजल्यावरच्या पत्रपेटीची किल्ली त्याच्या जुडग्यात असे. पत्र आलं की तो खुर्चीत बसे, चष्मा चढवी, सुरीनं पाकिटाची कड नीट कापी आणि वाचून झालं की हाक मारी, "तुझं आलंय गं. काही विशेष नाही." बँकेचं असो, मैत्रिणीचं असो, कारागीर संघटनेचं असो, विशेष काही नसेच. काय विशेष आणि काय नाही, हे ठरवायचं खातं त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. यातली गंमत अशी, की तो ज्या चष्म्यातून वाची त्याच्या काचा भिंगबाईनंच घासलेल्या होत्या. दर दोन वर्षांनी नंबर वाढला की ती नव्या बसवून द्यायची. आपल्याच हातच्या काचांतून नवरा आपलीच पत्रं वाचतो, हे तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. जवळचा नंबर सगळ्यांनाच उशिरा कळतो.

एकदा तिनं विचारलं होतं, "माझं पाकीट तुम्ही का फोडता हो?"

"मग काय बंदच ठेवू?" तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. वाईट माणूस असता तर कळला असता.

मग तिच्या छातीत एक गाठ हाताला लागली. हॉस्पिटलात तपासणीला तुकडा काढून घेतला आणि सांगितलं की रिपोर्ट घरी येईल. रिपोर्ट यायचा होता तेवढे दिवस तिनं दुकानात इतक्या काचा घासल्या की मालक म्हणाला, बाई, गावात एवढे डोळे नाहीत. एका संध्याकाळी ती घरी येत होती. पहिल्या मजल्यावरची शिवणवाली कठड्यावर कपडे वाळत घालत होती. तिनं वरूनच ओरडून सांगितलं, "सुटलात बाई. गाठीत काही निघालं नाही म्हणे. आमच्याकडे सकाळीच कळलं."

भिंगबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. हातात भाजीची पिशवी होती. गाठ तिची, छाती तिची, आणि बातमी शिवणवालीकडून. वर गेल्यावर कळलं की नणंदेला फोन झालाय, लेकीला फोन झालाय, समोरच्या बिऱ्हाडात सांगून झालंय. सुपरवायझर खुशीत होता.

"अगं, काही विशेष नाही. साधी गाठ. वर्षानं एकदा परत बघायचं म्हणतात. बस, जेवून घे."

"मला दुकानात फोन का नाही केलात?"

"कामात असशील म्हटलं. आणि चांगलीच तर बातमी आहे."

बातमी चांगली होती, इथंच सगळी अडचण होती. वाईट असती तर लोकांनी तिची बाजू घेतली असती. चांगल्या बातमीवर रुसणाऱ्या बाईला काय म्हणायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. ती जेवली. भांडी घासली. आरडाओरडा करणाऱ्या बाईला लोक समजावतात आणि गप्प बसणारीला विसरून जातात. भिंगबाईनं तिसरी वाट धरली. चौथ्या मजल्यावर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली बरेच दिवस रिकामी होती. तिनं ती भाड्यानं घेतली.

खाट वर चढवताना सुपरवायझर स्वतः पुढं होता. "कोपरा सांभाळा, भिंतीला लावू नका," असं हमालांना बजावत त्यानं बायकोचं बिऱ्हाड वर पोचवलं. राग आहे, उतरेल, असा त्याचा हिशेब. विचारणाऱ्यांना सांगे, "गुडघ्यांना व्यायाम हवा म्हणून घेतलीय वरची खोली." लोकही मान डोलवत. इमारतीत सगळ्यांना जिना होता, पण असा उपयोग कोणी केला नव्हता.

"लांब कुठंतरी गेली असतीस तर एक वेळ कळलं असतं," लेक फोनवर म्हणाली.

"मी का लांब जाऊ? दुकान इथं जवळ आहे. आणि जिना काय त्यांच्या बापाचा आहे?"

इथवर सगळं पोटात घालण्यासारखं होतं. वर्ष सरत आलं, दुसऱ्या तपासणीची तारीख जवळ आली आणि भिंगबाईनं दुकानातून अर्धी रजा काढून पत्ता बदलायला सुरुवात केली. तेव्हा मात्र सुपरवायझर पायऱ्या चढून वर आला.

"राहा की वर, मी काही म्हटलं का? पण पत्ता कशाला बदलतेस? पत्रं येतील ती मी आणून देईन."

"फोडून?"

"बघावं तर लागेल ना, काय आहे ते."

"त्यासाठीच बदलतेय."

तो थोडा वेळ दारात उभा राहिला. खाट वर गेली होती तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. खाट काय, आज वर आहे, उद्या खाली येईल. पत्ता मात्र एकदा चार ठिकाणी लागला की लागला. बायको वर राहायला गेली आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मग त्यानं नेहमीचा उपाय केला : बहिणीला फोन लावला.

नणंद दुसऱ्याच दिवशी हजर झाली. चार मजले चढून तिला धाप लागली होती, त्यामुळं पहिली दोन वाक्यं तिनं खाटेवर बसून हातवाऱ्यांनीच पूर्ण केली.

"दोन मजल्यांसाठी कोणी पत्ता बदलतं का गं?" दम खाऊन ती म्हणाली. "लोक हसतील. माणूस मेल्यावर पत्ता बदलतो."

"तेव्हा कळवायला मी नसेन, वन्सं. म्हणून आत्ताच कळवते."

"तो काय तुझी पत्रं चोरतो का? वाचतोच तर. नवरा आहे."

"तुमची कोण वाचतं?"

"मला कोण पत्र लिहितंय मेलं," नणंद म्हणाली, आणि मग तिनं चहा मागितला. तिच्यापुरतं तिनं भावाचं काम केलं होतं.

बँकेतला बाबू भला होता, हीच पहिली अडचण. अर्जात पत्ता बदलण्याच्या कारणांची रांग होती : विवाह, बदली, नवीन घर, इतर. भिंगबाईनं 'इतर'वर खूण केली. पुढं लिहिलं होतं, स्पष्ट करा. तिनं विचार करून लिहिलं, वर गेले.

बाबूनं ते वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि अर्ज हळूच परत सरकवला. "बाई, असं लिहू नका. साहेबांनी वाचलं तर खातं बंद करून वारसांना पत्र जाईल."

"वारस दुसऱ्या मजल्यावर आहेत. तेच फोडतील."

बाबू हसला आणि कारणाच्या जागी त्यानं स्वतःच 'सोय' असं लिहिलं. वीज कंपनीत मीटरच वेगळा निघाला, त्यामुळं तिथं कोणी काही विचारलं नाही. विजेला नवराबायको कळत नाहीत. वाचनालयातल्या बाईनं जुना पत्ता खोडला, नवा लिहिला, आणि मान वर न करता विचारलं, "एकट्याच?" भिंगबाई हो म्हणाली. "मग दोन पुस्तकं जास्त न्या," ती म्हणाली. कारागीर संघटनेच्या कचेरीत दार बंद होतं. तिनं चिठ्ठी दाराखालून आत सरकवली आणि ती कोणीतरी वाचेल यावर विश्वास ठेवला. संघटनेशी तिचा सगळा व्यवहार असाच होता.

हॉस्पिटल तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तपासणी होऊन गेली होती, तुकडा आतमध्ये कुठल्याशा काचेखाली पडला होता आणि त्यात काय आहे ते सांगणारं पाकीट आता निघणार होतं. गाठीचे रिपोर्ट खिडकीवर देत नसत. ते टपालानंच जात, आणि कागदावर असेल त्याच पत्त्यावर जात. कागदावर अजून दुसरा मजला होता.

खिडकीवरच्या मुलीनं नवा पत्ता टाइप केला, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिली.

"मशीन घेत नाहीये, मावशी."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, नवा पत्ता जुन्यासारखाच आहे, बदलाची गरज नाही. इमारत तीच, रस्ता तोच, सगळं तेच."

"मजला वेगळा आहे."

"मजला ते बघत नाही. पहिली ओळ बघतं. त्याच्या मते तुम्ही हललाच नाहीत."

"त्याला म्हणावं, एकदा जिना चढून बघ."

मुलीनं तोडगा काढला. असल्या मुलींकडे तोडगा तयार असतो, कारण रोज शंभर माणसं अडतात. "असं करा. आत्ता लेकीचा पत्ता टाकू. मशीन घेईल. मग पुढच्या महिन्यात या, चौथा मजला टाकू. दोन्ही वेळा बदल दिसेल."

"मी लेकीकडे गेले नाही."

"फक्त कागदावर हो."

"कागदावर मी वर्षभर दुसऱ्या मजल्यावर राहते आहे. आता परत खोटं नको. आणि लेक काय, तीही फोडेल. बापावर गेलीय."

मागं रांग वाढत होती. भिंगबाईच्या मागचा गृहस्थ पाय बदलत उभा होता. शेवटी त्यानं गळा साफ केला. "अहो ताई, दोन मजल्यांसाठी किती वेळ? पत्र काय, खाली येवो नाही तर वर. इमारत तर तीच ना."

तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. "तुमची पत्रं कोण फोडतं?"

"कोण म्हणजे? मीच फोडतो."

"मग थांबा जरा."

तो थांबला. रांगेत कोणीतरी हसलं, पण ते कोणावर हसलं ते कळलं नाही. भिंगबाई परत खिडकीकडे वळली. "ते पहिली ओळ बघतं म्हणालीस ना. मग पहिल्या ओळीत मजला टाक."

"तशी पद्धत नाही. आधी इमारतीचं नाव येतं, मग मजला."

"मी इमारतीत राहत नाही, पोरी. मी चौथ्या मजल्यावर राहते. इमारत खाली आहे."

मुलीनं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग पहिल्या ओळीत तिनं 'चौथा मजला, टाकीशेजारी' असं टाइप केलं, इमारतीला खाली दुसऱ्या ओळीत ढकललं आणि बटण दाबलं. मशीननं ते मुकाट्यानं घेतलं. "झालं," मुलगी म्हणाली, आणि तिलाच जरा नवल वाटलं.

त्या संध्याकाळी भिंगबाईनं दुकानातली सगळ्यात बारीक पान्यांची पेटी आणली आणि तळमजल्यावरच्या रांगेतली चौथ्या मजल्याची पत्रपेटी उघडली. आत वाळलेली पानं आणि कुठल्याशा गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. तिनं पेटी पुसली, नवं कुलूप बसवलं आणि झाकणावर रंगानं आकडा काढला. डोळे तपासायच्या तक्त्यावर सगळ्यात वर जे अक्षर असतं, जे दिसलं नाही तर माणसाला घरी पाठवतात, तेवढा मोठा चार. शिवणवाली कठड्यावरून बघत होती.

"रस्त्यापलीकडून दिसेल हो," ती म्हणाली.

"दिसू दे."

आता जगात असं कुठलंही खातं उरलं नव्हतं जे भिंगबाईला दुसऱ्या मजल्यावर समजत होतं. निदान तिचा तसा समज होता. चार दिवस तिनं त्या समजुतीत फार चांगली झोप काढली.

मग एका दुपारी दारावर थाप पडली. सुपरवायझर उभा होता. नाकावर चष्मा, हातात पाकीट. कड नीट कापलेली. गोदामात दुसऱ्याची मोजणी चुकलेली सापडली की त्याला जसा आनंद होई, तसा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

"तुझं आलंय," तो म्हणाला. "काही विशेष नाही."

तिनं पाकीट हातात घेतलं. हॉस्पिटलचं नव्हतं. ते तिच्याच दुकानाचं होतं.

दुकानाची एक पद्धत होती. ज्याला चष्मा दिला त्याला वर्ष झालं की पत्र जायचं : आपले डोळे पुन्हा तपासून घ्यावेत. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी ही पत्रं पाकिटात घालून त्यावर पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायचं काम भिंगबाईचंच. तिचा स्वतःचा चष्माही त्याच दुकानाचा, म्हणून तिच्या नावाची पट्टीही त्याच गठ्ठ्यात. हाताच्या सवयीनं तिनं ती चिकटवली होती. आपल्या हातानं, आपल्या नावाचं, दुसऱ्या मजल्यावर.

"सगळ्या जगाला कळवलंस," सुपरवायझर म्हणाला. "एक तेवढी राहिली."

"कोण?"

"तू."

हे त्यानं जिना चढताना ठरवून आणलं असणार. वाक्य चांगलं होतं आणि ते लागलंही. भिंगबाईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि परत पाकिटात ठेवलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "पण पाकीट तुम्ही फोडलंत."

"माझ्या पेटीत होतं."

"नाव माझं होतं."

"बायकोचं नाव. परक्याचं थोडंच?"

"बरं. एक सांगा. तुमच्या गोदामात दुसऱ्याच्या नावाचं खोकं चुकून आलं, तर काय करायचात?"

"परत पाठवायचो."

"फोडून?"

"छे, छे. फोडून कसं? दुसऱ्याचा माल. न फोडता, शिक्का मारून परत." उत्तर तोंडातून पुरतं बाहेर पडलं तेव्हा कुठं त्याला ते ऐकू आलं. टाकीत पाणी पडत होतं.

"ते गोदाम होतं," तो म्हणाला.

"हो. तिथं खोक्यांना मान होता."

तो पायाकडे बघत राहिला. खाली बघताना त्याचा चष्मा एका बाजूनं घसरला. उजव्या काडीचा स्क्रू ढिला झाला होता. भिंगबाईनं हात पुढं केला. त्यानं सवयीनं चष्मा काढून दिला. तिनं पान्यांची पेटी उघडली, स्क्रू आवळला, पदरानं काचा पुसल्या आणि चष्मा परत त्याच्या हातात ठेवला.

"पुढच्या वेळी दुकानात या," ती म्हणाली. "दहा ते सहा."

"अगं, एवढ्यासाठी वेगळं बिऱ्हाड?"

"एवढ्यासाठीच."

तो खाली गेला. अहो-जाहो तिनं सोडलं नव्हतं आणि त्यानं अगं-तुगं. भाषा अजून दुसऱ्या मजल्यावरच होती. भाषेचा पत्ता बदलायला कुठली खिडकी आहे हे भिंगबाईला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर तिनं आधी आपल्या नावाची पट्टी काढून फाडली आणि नवी लिहिली. मालकानं विचारलं, काय करताय. ती म्हणाली, एक जुनं गिऱ्हाईक घर बदलून गेलंय.

त्यानंतर ती रोज कामावरून आली की आधी चौथ्या मजल्याची पेटी उघडून बघे. वाचनालयाचं स्मरणपत्र आलं, बंद. बँकेचं आलं, बंद. ती वर नेई, कडी लावी आणि एकेक फोडी. बंद पाकीट फोडताना कागदाचा जो आवाज होतो तो तिच्या कानाला नवीन होता. आतला मजकूर मात्र, खरं सांगायचं तर, सुपरवायझर म्हणे तसाच असे.

आणि मग ते आलं. लांबट, पांढरं, कोपऱ्यावर हॉस्पिटलचा शिक्का. पहिल्या ओळीत : चौथा मजला, टाकीशेजारी. भिंगबाईनं ते पेटीतून काढलं, उलटं करून मागची डिंकाची कड बोटानं चाचपली आणि जिना चढायला लागली. शिवणवाली कठड्यावर होती. तिनं पाकीट बघितलं, तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न सापडल्यामुळं परत मिटलं.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. सुपरवायझर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. दिवसभर बसला असावा, कारण शेजारी पाण्याचा तांब्या होता. टपालवाला कुठल्या पेटीत काय टाकून गेला ते त्यानं जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं होतं, आणि ते पाकीट तो कुठूनही ओळखला असता. पण खाली उतरून गेला नव्हता. चष्मा नाकावर होता आणि हात मांडीवर. तो उठला नाही.

"हॉस्पिटलचं ना?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"हो."

"काय निघालं गं?"

भिंगबाई त्याच्यासमोर थांबली. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, आणि ती खोटी नव्हती, कधीच नव्हती. तिनं पाकीट छातीशी धरलं, जिथं गाठ होती त्याच बाजूला.

"काही विशेष नाही," ती म्हणाली, आणि उरलेले दोन मजले चढायला लागली.

पाकीट अजून बंद होतं.